श्वासाच्या हुकमतीतील गिटार

तंतुवाद्य वाजविणाऱ्याचे दोन्ही हात वाद्याच्या स्वाधीन झालेले असतात, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्यातून उत्पन्न होणाऱ्या अडचणीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मावळातील भाजे येथे, विहाराच्या ओवरीत कोरलेल्या प्रसिद्ध शिल्पपटात, हत्तीवर आरूढ झालेल्या पुरुषाच्या खालच्या बाजूस नर्तिकेशेजारी बसून धनुष्याकृती वीणा वाजविणारी एक आकृती आहे. तिचेही दोन्ही हात असेच गुंतलेले आहेत, आणि दोन हजार वर्षांनंतर आजच्या गिटारवादकाची स्थिती त्याहून निराळी नाही. त्याचा उजवा हात तार छेडतो आणि डावा हात तिची कंप पावणारी लांबी कमीजास्त करून स्वर ठरवितो. हवाईयन पद्धतीची गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजविणाऱ्याच्या डाव्या हातात तर पोलादी कांडी असते, आणि मींड चालू असताना ती क्षणभर जरी उचलली तरी स्वराचा धागा तुटतो.

परंतु स्वर निर्माण करणे आणि निर्माण झालेल्या स्वराला आकार देणे ही दोन निराळी कामे आहेत. गायक एकच षड्ज लावतो आणि त्याची उंची तसूभरही न बदलता तो 'ऊ'कारातून 'आ'कारात उघडीत नेतो, मिटवितो, पुन्हा उघडतो. गिटारीची तार मात्र एकदा छेडली म्हणजे तिचा नाद ज्या रंगाने जन्मला जवळजवळ त्याच रंगाने क्षीण होत जातो. इलेक्ट्रिक गिटारीच्या अंगावर टोनची खुंटी असते खरी, पण ती फिरवावयाची तर एक हात तारेवरून काढावा लागतो, आणि ज्या क्षणी स्वराचा रंग पालटावा असे वाटते नेमक्या त्याच क्षणी तो हात रिकामा नसतो. तेव्हा हे काम हाताखेरीज दुसऱ्या कोणत्या अवयवाकडे सोपवावे, आणि ते थोड्या पैशांत, साध्या जिन्नसांनी, लोणावळ्या-तळेगावातील एखाद्या विद्यार्थ्याला घरच्या टेबलावर कसे साधावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अवयवांमध्ये अशी कामाची वाटणी करण्याची कल्पना मराठी संगीताला नवी नाही. बाजाच्या पेटीने हिंदुस्थानात मूळ धरले तेव्हा हातपेटीत डावा हात भात्याला जुंपला गेला आणि स्वरपट्ट्या एकट्या उजव्या हाताच्या वाट्याला आल्या; संगीत रंगभूमीवर मात्र पायपेटीचा आणि ऑर्गनचा अंमल बसला, भाता पायांच्या सुपूर्त झाला आणि दोन्ही हात स्वरांसाठी मोकळे झाले. १९११ साली 'मानापमान' नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे पेटीवादनातील अधिकारी पुरुष होते, आणि त्या परंपरेतील जाणत्या वादकाचा पाय केवळ वारा भरीत नसे. नटाचा आवाज चढला की साथीचा जोर चढावा आणि त्याने श्वास घेतला की साथीनेही ओसरावे, हा सारा बंदोबस्त पायाच्या दाबाने होत असे. पुढे १९५४ च्या 'नागिन' चित्रपटात, ज्याचे संगीत हेमंतकुमारांचे होते, पुंगीचा म्हणून जो स्वर देशभर गाजला त्यातील मोठा वाटा कल्याणजी वीरजी शहा यांनी वाजविलेल्या क्लॅव्हिओलिनचा होता. फ्रान्समधील कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ च्या सुमारास घडविलेल्या या विद्युत् वाद्याला आवाज लहानमोठा करण्यासाठी गुडघ्याने ढकलावयाचा एक दांडा असे. बोटे सुरावर आणि गुडघा स्वराच्या फुगवट्यावर, अशी ती विभागणी होती. गिटारीच्या बाबतीत पाश्चात्य कारागिरांनी १९६६ साली पायाखाली झुलणारे 'वॉ' पेडल आणले, आणि स्पीकरचा आवाज रबरी नळीने तोंडात आणून ओठांच्या हालचालीने त्याला आकार देण्याची 'टॉक बॉक्स' ही युक्तीही त्यांनी रूढ केली.

पाय, गुडघा, ओठ आणि श्वास यांपैकी माझा कौल श्वासाला आहे, आणि त्याचे कारण सोयीपेक्षा संगीताचे अधिक आहे. पाय बळकट असतो पण जड असतो. शिवाय मांडी घालून बसणाऱ्या वादकाला तो उपलब्धच नसतो. ब्रिजभूषण काब्रा यांनी हवाईयन गिटार हिंदुस्थानी रागसंगीतात आणली आणि शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह केलेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेने ती घरोघर पोहोचविली. त्या बैठकीत पेडलला जागा नाही. श्वासाचे मात्र तसे नाही. गायकाची आणि बासरीवाल्याची वाक्ये श्वासाच्या मापाने पडतात, म्हणून ती ऐकणाऱ्यालाही आपल्या श्वासाच्या मापाची वाटतात. गिटार वाजविण्यास श्वास लागतच नाही, आणि म्हणून तिच्यावरील तानेला विरामाची सक्ती नसते. बोटे थकेपर्यंत ती चालू शकते. ज्या वाद्याला श्वास नाही त्याला तो देणे हा या लहानशा यंत्राचा खरा लाभ आहे, आणि स्वराच्या रंगातील पालट हा त्याचा दृश्य परिणाम आहे, असे माझे मत आहे. परदेशात १९७० नंतरच्या दशकात लिरिकॉन नावाचे फुंकून वाजविण्याचे विद्युत् वाद्य निघाले, आणि १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ या प्रसिद्ध कळवाद्याला फुंकर ओळखणारे साधन जोडण्याची तरतूद होती. म्हणजे कल्पनेची परीक्षा इतरत्र झालेलीच आहे.

लोणावळ्यात बसून श्वासाचा विचार करावयाचा आणि कैवल्यधामाचे स्मरण करावयाचे नाही हे शक्य नाही. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली येथे ही संस्था स्थापिली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांविषयीचे दावे शब्दप्रामाण्यावर न स्वीकारता ते क्ष-किरणांच्या आणि दाबमापकाच्या कसोटीला लावावेत, हा त्यांचा आग्रह होता. नौली करताना मोठ्या आतड्यात वातावरणापेक्षा कमी दाब उत्पन्न होतो हे त्यांनी मोजून दाखविले आणि त्या निर्वातावस्थेला आपल्या गुरूंच्या, परमहंस माधवदासांच्या, नावाने 'माधवदास निर्वात' अशी संज्ञा दिली. श्वास हे एक भौतिक परिमाण आहे, त्याला दाब आहे, तो दाब नळीत चढणाऱ्या द्रवाच्या उंचीने सांगता येतो, ही दृष्टी ज्या गावात शंभर वर्षांपूर्वी रुजली त्या गावातील मुलाने आपल्या गिटारीसाठी फुंकरेचा दाब मोजावा हे मला फार उचित वाटते.

हा दाब मोजणे अवघड नाही. पारदर्शक नळीचा 'यू' अक्षरासारखा वाक करून तीत रंगीत पाणी भरावे आणि एका टोकाने हळूच फुंकावे. दोन्ही भुजांतील पाण्याच्या पातळीत जितके सेंटिमीटर अंतर पडेल तितका तो दाब. साधे बोलत असताना मनुष्याच्या कंठाखाली पाण्याच्या सुमारे ६ ते १० सेंटिमीटर इतका दाब असतो, आणि तितकाच दाब ओठांनी निर्माण करण्यास कोणतेही कष्ट पडत नाहीत. आता पाण्याचा ८ सेंटिमीटर दाब म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ८ ग्रॅमचा भार. ४ सेंटिमीटर व्यासाच्या वाटोळ्या डबीच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बसविले तर त्याचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर भरते, आणि त्यावर एकंदर १०० ग्रॅमचा भार येतो. इतक्या भाराने पातळ रबर काही मिलिमीटर सहज फुगते. आपले सगळे यंत्र या काही मिलिमीटरांवर चालावयाचे आहे.

त्या हालचालीने गिटारीचा रंग कसा पालटेल हे समजण्यासाठी गिटारीच्या पोटात, म्हणजे तिच्या पिकअपमध्ये, थोडे डोकावले पाहिजे. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले म्हणजे त्या वेटोळ्यात विद्युद्दाब उत्पन्न होतो. पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली की क्षेत्र त्याच तालाने बदलते आणि वेढ्यांतून स्वराची विद्युत् प्रतिमा बाहेर पडते. १९३० नंतर लवकरच अमेरिकेत रिकनबॅकर कारखान्यातून जी पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली ती मांडीवर घेऊन वाजविण्याची हवाईयन गिटारच होती, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

एवढे वेढे एकत्र आल्यामुळे पिकअपला मोठे प्रवर्तकत्व प्राप्त होते. साध्या एकेरी पिकअपचे ते सुमारे अडीच हेन्री असते. प्रवर्तकत्व आणि धारकता ही जोडी जेथे एकत्र येते तेथे एका विशिष्ट आवर्तनसंख्येला अनुनाद होतो, म्हणजे तेवढ्याच स्वरांशांना उठाव मिळतो. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत दिलेला हलका धक्काही मोठा झोका देतो, तोच हा प्रकार. गिटारीपासून अँप्लिफायरपर्यंतच्या केबललाही थोडी धारकता असते. ती ५०० पिकोफॅरड धरली तर अनुनाद साडेचार हजार हर्ट्झच्या आसपास पडतो, आणि इलेक्ट्रिक गिटारीच्या आवाजातील ती परिचित चकाकणारी कड येथूनच येते. परंतु केबलला समांतर ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला तर तोच अनुनाद खाली सरकून सातशे हर्ट्झच्या आत येतो, वरचे स्वरांश कपॅसिटरमधून जमिनीकडे निघून जातात आणि आवाज मऊ, गोल, काहीसा मिटलेला होतो. टोनची खुंटी याच कपॅसिटरच्या वाटेवर कमीजास्त रोध घालते. रोध फार असला तर कपॅसिटर असून नसल्यासारखा. रोध जवळजवळ शून्य झाला की त्याचा पूर्ण अंमल.

मानवी स्वरांशी याचे नाते निकटचे आहे. 'ऊ' म्हणताना मुखाच्या पोकळीचे पहिले दोन अनुनाद सुमारे ३०० आणि ८०० हर्ट्झच्या आसपास असतात, 'आ' म्हणताना ते ७०० आणि ११०० च्या घरात चढतात, आणि 'ई' म्हणताना दुसरा अनुनाद २००० हर्ट्झच्याही वर जातो. कंठातून निघणारा मूळ नाद तिन्ही वेळा एकच असतो. उठावाची जागा बदलली की कानाला अक्षर बदलल्याचा भास होतो. आपल्या साध्या योजनेत रोध मधल्या टप्प्यात असताना उठाव बोथट पडतो, त्यामुळे पेडलच्या 'वॉ'इतका बोलका पालट तिच्यातून मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवणे बरे. मिटलेल्या 'ऊ'कारातून मोकळ्या 'आ'काराकडे जाणारी एक सौम्य वाट मात्र मिळते, आणि रागसंगीताच्या आलापीला ती पेडलच्या उग्र उच्चारापेक्षा अधिक शोभते.

आता खुंटीच्या जागी प्रकाश आणावयाचा. १८७३ साली समुद्रतळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या केबलींची तपासणी करणाऱ्या विलोबी स्मिथ यांच्या ध्यानात आले की सेलेनियमच्या कांडीचा विद्युत् रोध अंधारात जास्त आणि उजेडात कमी भरतो. त्याच गुणाचा आजचा स्वस्त वारस म्हणजे एलडीआर. वाटाण्याएवढ्या या चकतीवर कॅडमियम सल्फाइडची नागमोडी पट्टी असते. गडद अंधारात तिचा रोध एक मेगोहम किंवा त्याहूनही अधिक असतो आणि भरपूर उजेडात तो एका किलोओहमच्याही खाली उतरतो. रोधाच्या इतक्या मोठ्या फरकासाठी काहीही फिरवावे लागत नाही, घासावे लागत नाही, म्हणून खुंटी जुनी झाल्यावर होणारी खरखरही नाही. आणखी एक गुण असा की एलडीआर उजेड पडताच चटकन शुद्धीवर येतो परंतु अंधार झाल्यावर सावकाश निजतो. एका टोकाला काही शतांश सेकंद तर दुसऱ्या टोकाला त्याच्या कित्येक पट. अभियंत्याच्या हिशेबी हा दोष असला तरी गाणाऱ्याच्या हिशेबी तो गुण आहे, कारण स्वर झटक्याने न उघडता उमलत उघडतो. कॅडमियम विषारी असल्यामुळे एलडीआर फोडू नये, जाळू नये आणि निकामी झालेला घरच्या कचऱ्यात टाकू नये, एवढी दक्षता मात्र अवश्य घ्यावी.

रचना अशी. पत्र्याची एक लहान डबी घ्यावी आणि तिच्या दोन अंगांस गिटारीचे पाव इंची जॅक बसवावेत; दोन्ही जॅकचे गाभ्याचे टोक एकमेकांना सरळ जोडावे आणि बाहेरची टोके डबीच्या पत्र्याला जोडावीत. गाभ्याच्या तारेपासून ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्या पुढे एलडीआर अशी साखळी पत्र्यापर्यंत न्यावी. गिटारीचा मार्ग एवढ्यात संपला, आणि त्याला बॅटरीची गरज नाही. एलडीआरच्या समोर एक सेंटिमीटर अंतरावर हिरव्या रंगाचा एलईडी बसवावा. हिरवाच अशासाठी की कॅडमियम सल्फाइडची संवेदना हिरव्या प्रकाशाला सर्वांत तीव्र असते. एलईडीला ९ व्होल्टची बॅटरी आणि मध्ये एक किलोओहमचा रेझिस्टर द्यावा, म्हणजे सुमारे ७ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि चांगली बॅटरी साठ-सत्तर तास पुरते. आवाज पुरेसा मिटत नाही असे वाटले तर रेझिस्टर ४७० ओहमचा करावा किंवा एलईडी जरा जवळ आणावा. या रचनेतील मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट अशी की गिटारीचे मंडल आणि दिव्याचे मंडल यांच्यात तारेचा एकही दुवा नाही. हुकूम जातो तो केवळ प्रकाशाच्या मार्गाने. मोठ्या कारखान्यांच्या नियंत्रणयंत्रणेत उच्च दाबाची बाजू आणि नाजूक बाजू यांना एकमेकींपासून अलग ठेवण्यासाठी हीच युक्ती रोज वापरली जाते.

फुंकरेसाठी दुसरी डबी लागते. औषधाच्या गोळ्यांची प्लास्टिकची रुंद तोंडाची डबी चालेल. तिच्या बुडाशी भोक पाडून मत्स्यालयात हवा सोडण्यासाठी वापरतात तसली नवी नळी पक्की बसवावी, तोंडावर फुग्याचे रबर ताणून दोऱ्याने आवळावे आणि रबराच्या मध्यावर काळ्या पुठ्ठ्याची अरुंद, हलकी पट्टी उभी चिकटवावी. ही पट्टी एलईडी आणि एलडीआर यांच्यामधल्या फटीत अशी यावी की फुंकर नसताना प्रकाश मोकळा जाईल आणि रबर फुगताच पट्टी पुढे सरून त्याला अडवील. पट्टीचे टोक सरळ न कापता तिरके कापावे, म्हणजे प्रकाश एकदम न तुटता क्रमाक्रमाने झाकला जातो. डबीच्या कडेला टाचणीने एक बारीक भोक पाडण्यास विसरू नये. बंद नळीत फुंकत राहणे छातीला त्रासाचे होते, आणि हवेला थोडी वाट मिळाली की फुंकर वाहती राहते व नळीतील बाष्पाचे पाणीही निघून जाते. नळीचे दुसरे टोक माउथ ऑर्गन गळ्यात अडकविण्याच्या तारेच्या चौकटीवर ओठांच्या समोर धरावे. एकाची नळी दुसऱ्याने ओठांना लावू नये.

हे यंत्र गिटारीच्या लगेच पुढे जोडावे, दुसऱ्या पेडलांच्या नंतर नव्हे. कारण उघड आहे: अनुनादातील निम्मा भागीदार पिकअप आहे, आणि मध्ये बॅटरीवर चालणारे पेडल आले की पिकअप कपॅसिटरपासून तुटतो आणि परिणाम नाममात्र उरतो. गिटारीच्या आवाजाची खुंटीही पूर्ण उघडी ठेवावी. साध्या लाकडी गिटारीला पिझो चकती चिकटवून काम भागविणाऱ्यांना ही रचना जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण पिझोला प्रवर्तकत्व नसून धारकता असते आणि तेथे आपला कपॅसिटर रंग न पालटता सरसकट आवाज तेवढा कमी करतो; त्यांनी प्रथम एका ट्रान्झिस्टरचा मध्यस्थ घालावा आणि त्याच्या पुढे दहा किलोओहमच्या रोधानंतर ही साखळी जोडावी, म्हणजे अनुनादाचा उठाव नसला तरी मिटणे-उघडणे साधते. लागणारे सगळे जिन्नस पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात मुबलक मिळतात, आणि लोणावळ्याहून लोकलने जाऊन ते घेऊन येणे हे एका सुट्टीच्या दिवसाचे काम आहे.

मावळात हे यंत्र बांधणाऱ्याला दोन गोष्टींशी सामना करावा लागतो, आणि दोन्ही या प्रदेशाच्या स्वभावाशी निगडित आहेत. पहिली विजेची. वळवण, लोणावळा आणि शिरवता येथे अडविलेले पाणी घाटमाथ्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीस उतरवून १९१५ साली टाटांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, तेव्हापासून मावळ हा विजेचा मुलूख आहे. अशा विजेची किंमत कोणी भरली याचेही विस्मरण होऊ नये. शेजारच्या मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी धरणाखाली जाऊ नयेत म्हणून १९२१ साली सत्याग्रह आरंभिला, पांडुरंग महादेव बापट त्यातूनच सेनापती झाले, आणि अखेरीस गावे पाण्याखाली गेलीच. आज देशभर वीज सेकंदाला ५० आवर्तनांनी वाहते, आणि पिकअप हे वेटोळेच असल्यामुळे ते भिंतीतील तारांचा गुणगुणाटही भक्तिभावाने टिपते. त्यासाठीच डबी पत्र्याची असावी आणि ती गिटारीच्या जमिनीला जोडलेली असावी. ट्यूबलाइटचा उजेड तर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. फुंकरेच्या यंत्रात तो कोठून शिरला तर मंद स्वभावाच्या एलडीआरलाही त्याची थोडी चाहूल लागते आणि आवाजात सूक्ष्म थरथर येते. गिटारीच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो स्वर आहे त्याची आवर्तनसंख्या ९८. १०० च्या गुणगुणाटाशी त्याचे सेकंदाला दोन विस्पंद पडतात आणि तो स्वर बेसुरा असल्याचा भ्रम होतो. सबब दिवा, पट्टी आणि एलडीआर हे सगळे काळ्या कागदाने मढविलेल्या पेटीत बंद करावे आणि प्रत्येक फट काळ्या चिकटपट्टीने बुजवावी.

दुसरी गोष्ट पावसाची. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. धुके खोलीत येऊन बसते, गिटारीच्या तारा आठवड्यात गंजतात आणि तांब्याच्या उघड्या टोकांवर हिरवी पुटे चढतात. एलडीआरचा अंधारातील रोध मेगोहमांत मोजावयाचा असतो, आणि त्याच्या दोन पायांमध्ये ओलसर मळाचा थर साचला तर त्या थरातूनच वीज पाझरू लागते व गिटार कितीही फुंकले तरी पुरती उघडत नाही. म्हणून सोल्डरचे डाग दिल्यावर त्यावरचे राळेचे अवशेष स्पिरिटने पुसून काढावेत आणि एलडीआरचे पाय नखरंगाच्या पारदर्शक लेपाने झाकावेत. फुंकर आणि विद्युत् भाग यांच्यात रबराचा पडदा ठेवण्याचा आग्रह मी धरला तोही याचसाठी. श्वास बाष्पाने संपृक्त असतो, श्रावणातील थंड नळीत त्याचे थेंब लगेच जमतात, आणि पडदा असल्यामुळे ते थेंब दिव्यापर्यंत किंवा एलडीआरपर्यंत कधीच पोहोचत नाहीत. ओलाव्याने आणि ताणाने रबर स्वतः मात्र थकते. पावसाळ्यात ते वरचेवर बदलण्याची तयारी ठेवावी.

वाजविण्याचा अभ्यास सुरू करताना चाल किंवा गत घेऊ नये. एकच तार मोकळी छेडावी आणि ती विरेपर्यंत एकाच दीर्घ रेचकाने स्वर उघडून पुन्हा मिटू द्यावा. प्रारंभी फुंकर आणि आघात एकाच क्षणी पडतात, कारण हात आणि छाती यांना एकत्र झटका देण्याची शरीराची वहिवाटच आहे; त्यामुळे स्वर जन्मतःच मोकळा येतो आणि उमलण्यासारखे काही उरत नाही. आघातानंतर अर्धा क्षण थांबून मग फुंकर सोडण्याची सवय बोटांना आणि फुप्फुसांना निरनिराळी लावावी लागते, आणि ती लागली की एक नवीच गोष्ट घडते: श्वास संपत आला की वाक्य संपवावेसे वाटते. पूरकाच्या वेळी नळीत हवा जात नाही, स्वर आपोआप मिटतो, आणि त्या मिटलेल्या अवकाशात वादक पुढच्या वाक्याचा विचार करतो. भूप किंवा यमन अशा मोकळ्या अवकाशाच्या रागात या विरामांचा परिणाम विशेष खुलतो. द्रुत लयीच्या गतीत मात्र यंत्र बाजूला ठेवावे, कारण एलडीआरची मंद गती तेथे तानेच्या मागे पडते.

ज्यांचे समाधान एवढ्याने होणार नाही त्यांच्यासाठी पुढची वाट मोकळी आहे. जुने 'वॉ' पेडल हाताशी असेल तर त्यातील १०० किलोओहमच्या खुंटीच्या जागी एलडीआर आणि एक स्थिर रोध यांची जोडी बसवून फुंकरेने खराखुरा सरकता अनुनाद मिळविता येतो. आणि ज्यांना पूरकही कामी लावावयाचा असेल त्यांनी काळ्या पट्टीला खालून वर रुंदावत जाणारी खिडकी कापावी व ती अशी बसवावी की स्वस्थ स्थितीत अर्धा प्रकाश जाईल. मग फुंकल्यावर स्वर उघडतो आणि नळीतून हवा ओढल्यावर तो आणखी मिटतो. त्यासाठी रबर जरा सैल ताणावे लागते, आणि नळी रोज धुऊन वाळवावी लागते, कारण आता तिच्यातील हवा छातीतही जावयाची असते.